म्हाताऱ्या माणसाचं वय इंग्रजीत कसं सांगायचं : फोनवर, एअरपोर्टवर, दवाखान्यात आणि शेजाऱ्यांसमोर

माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला बहिणीकडे न्यू जर्सीला पाठवायचं ठरलं तेव्हा व्हीलचेअर सांगायला काकांनी विमान कंपनीला फोन लावला आणि म्हणाले, "शी इज व्हेरी ओल्ड, नाऊ शी इज टायर्ड." काकांना म्हणायचं होतं की वहिनी आता थकल्यात. पलीकडच्या मुलीने अगदी काळजीने विचारलं की मग त्यांना दुसऱ्या दिवशीचं तिकीट करून देऊ का, आराम होईल. काका गडबडले, मी फोन घेतला आणि तीन वाक्यांत काम झालं. ती वाक्यं पुढे सांगतेच.

मी ठाण्यात मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. बरेचसे येतात ते मुलं परदेशात आहेत म्हणून, काहीजणी घरी जाऊन पेशंट सांभाळायचं काम करतात, काहींना सासूसासऱ्यांना घेऊन मोठ्या हॉस्पिटलात जायचं असतं जिथे डॉक्टर मराठी नसतात. आणि सगळ्यांचं अडतं एकाच ठिकाणी. मराठीत आपण वय सांगताना मान आपोआप देतो, तो क्रियापदातच असतो. "आजी आल्या", "आजोबा झोपलेत", "त्यांचं वय झालंय", नुसत्या अनुस्वारात आणि "त्या"मध्ये आदर बसलेला आहे. इंग्रजीत शी म्हणजे शी, मग ती चार वर्षांची असो की चौऱ्याऐंशीची. त्यामुळे आपण मराठी वाक्य जसंच्या तसं उचलून नेलं की आदर मागेच राहतो आणि हातात उरतं ते नुसतं "ओल्ड". मग तो आदर दुसऱ्या वाटेने आणावा लागतो, कुठला शब्द निवडला, कुठली माहिती आधी सांगितली, कुठली सांगितलीच नाही, यातून. ते एकेक करून बघूया.

पहिली पायरी : आकडा नीट सांगा

सगळ्यात सभ्य, सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे आकडा. "शीज एटी-टू." बस. "इयर्स ओल्ड" लावलं तरी चालतं, "शीज एटी-टू इयर्स ओल्ड", पण बोलताना बहुतेक जण लावत नाहीत. "हर एज इज एटी-टू इयर्स" हे व्याकरणाला बरोबर आहे पण फॉर्म वाचून दाखवल्यासारखं वाटतं. "शी हॅज एटी-टू इयर्स" मात्र चूक.

वयामागे माणूस आला की "इयर्स"चा शेवटचा स जातो, "अ‍ॅन एटी-टू-इयर-ओल्ड वुमन". डॉक्टरांशी बोलताना हे वाक्य रोज लागतं म्हणून पाच वेळा मोठ्याने म्हणून ठेवा, कारण जीभ सवयीने "इयर्स" म्हणतेच.

आता आपल्या खास मराठी अडचणी. एक म्हणजे एकोणऐंशी. आपण आकडा उलटा बोलतो, आधी एकक मग दशक, आणि एकोण लागलं की तर पुढच्या दशकातून एक वजा करतो. गडबडीत "एकोणऐंशी" डोक्यात आलं की "ऐंशी" ऐकू येतं आणि तोंडातून "एटी-नाइन" जातं, दहा वर्षं जास्त. एकोणसत्तर, एकोणनव्वदचंही तेच. फोन करायच्या आधी आकडा कागदावर इंग्रजीत लिहून ठेवा, मी स्वतः क्लासमध्ये सगळ्यांना हेच करायला लावते.

दुसरी, "एटी" आणि "एटीन". फोनवर दोन्ही सारखेच वाटतात. ऐंशीला जोर पहिल्या भागावर, "ए"वर, आणि "टी" तोडून टाकायचा. अठराला जोर शेवटावर, "टीन" लांबवायचा. साठ-सोळा, सत्तर-सतरा, नव्वद-एकोणीस सगळीकडे हाच नियम. तरी समोरचा गोंधळला तर "एट झीरो" असं सुटं सांगा, इंग्रज माणूससुद्धा तेच करतो.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हिच्यावर मी जरा थांबते. आपण म्हणतो "आईला ब्याऐंशी पूर्ण झाली, त्र्याऐंशीवं चालू आहे". मग इंग्रजीत "शी इज रनिंग एटी-थ्री" किंवा "शी हॅज कम्प्लिटेड एटी-टू". भारतात कळतं, बाहेर कोणाला कळत नाही, "रनिंग" ऐकून ते खरंच धावण्याचं समजतात. इंग्रजीत वय म्हणजे फक्त पूर्ण झालेली वर्षं. चालू वर्ष मोजायचं नाही. पुढचा वाढदिवस जवळ आला असेल तर "शीज टर्निंग एटी-थ्री इन मार्च" किंवा "शील बी एटी-थ्री इन मार्च", आणि नुकताच झाला असेल तर "शी जस्ट टर्न्ड एटी-थ्री".

यातूनच "वयाच्या अमुकाव्या वर्षी" हा घोळ होतो. लता मंगेशकरांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ चा, त्या गेल्या ६ फेब्रुवारी २०२२ ला. म्हणजे ९२ पूर्ण, ९३ वं चालू. मराठीत "वयाच्या ९३ व्या वर्षी" म्हटलं तर ते बरोबरच आहे, पण इंग्रजीत "शी डाइड अ‍ॅट नाइंटी-टू" असंच येणार. बाबासाहेब पुरंदऱ्यांचं उदाहरण तर आणखी स्पष्ट आहे, जन्म २९ जुलै १९२२, निधन १५ नोव्हेंबर २०२१. आपण म्हणालो शंभराव्या वर्षात गेले, आणि ते खरं होतं, शंभरावं लागलं होतं. इंग्रजीत मात्र "ही वॉज नाइंटी-नाइन". तुम्हाला शंभरावं लागल्याचं मोल सांगायचंच असेल तर "ही डाइड इन हिज हंड्रेडथ इयर" म्हणा, हे शुद्ध इंग्रजी आहे. पण "ही डाइड अ‍ॅट अ हंड्रेड" म्हणू नका, ते चुकीचं होईल. विम्याच्या आणि व्हिसाच्या कागदावर एका वर्षाच्या अशा फरकाने प्रश्न विचारले जातात म्हणून एवढं सांगतेय.

आणि एक जून. आपल्याकडे त्या पिढीतल्या कितीतरी लोकांची कागदोपत्री जन्मतारीख एक जून आहे, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली. माझ्या सासऱ्यांची तशीच. इंग्रजीत सांगताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. ऑफिस, एअरलाइन, हॉस्पिटल, बँक इथे फक्त पासपोर्टवरची तारीख, दुसरं काही बोलायचंच नाही. आणि घरगुती गप्पांत "ऑन पेपर ही इज एटी-फोर, बट हीज प्रॉबब्ली क्लोजर टु एटी-सिक्स". तारीख सांगताना महिन्याचं नाव घ्या, "जून फर्स्ट" किंवा "फर्स्ट ऑफ जून". नुसतं ०१/०६ म्हटलं की अमेरिकेत ते सहा जानेवारी होतं.

दुसरी पायरी : नेमका आकडा सांगायचा नसेल तेव्हा

प्रत्येक वेळी आकडा हवाच असं नाही. शेजारीण सहज विचारते, किंवा आईलाच आवडत नाही कोणाला वय सांगितलेलं, माझ्या मावशीला अजून आवडत नाही. अशा वेळी "शीज इन हर एटीज" ही फार चांगली रचना आहे. ऐंशीपासून एकोणनव्वदपर्यंत सगळं यात मावतं. थोडं बारीक करायचं तर "अर्ली एटीज" म्हणजे साधारण ब्याऐंशी-त्र्याऐंशीपर्यंत, "मिड एटीज" म्हणजे चौऱ्याऐंशी ते शहाऐंशी, आणि त्यापुढे "लेट एटीज". "वेल इन्टू हर एटीज" म्हणजे ऐंशी कधीच ओलांडली.

इथे एका छोट्या शब्दाने मोठा घोटाळा होतो. "इन हर एटीज" म्हणजे वय. "इन द एटीज" म्हणजे १९८० ते ८९ चं दशक. "माय मदर वॉज इन द एटीज" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं आता पुढे ऐंशीच्या दशकाची काहीतरी गोष्ट येणार. तेव्हा बाईचं असेल तर "हर", पुरुषाचं असेल तर "हिज", आईवडील दोघांचं असेल तर "देअर".

ऐंशीला आलेत, होतील आता, हे सांगायला "शीज ऑलमोस्ट एटी" सगळीकडे चालतं. "गोइंग ऑन एटी" पण चालतं, घरगुती आहे. "पुशिंग एटी" सुद्धा ऐकाल, अर्थ तोच, पण तो जरा सैल बोलण्यातला आहे, स्वतःबद्दल किंवा आपल्या मित्राबद्दल ठीक, बॉसच्या आईबद्दल नको.

"वय झालंय आता त्यांचं" हे आपलं वाक्य, यात आकडा नाही, तक्रारही नाही, नुसती एक समजूत आहे. इंग्रजीत याच्या सगळ्यात जवळ जातं ते "हीज गेटिंग ऑन". ब्रिटिश लोक "गेटिंग ऑन अ बिट" म्हणतात. अमेरिकेत "हीज गेटिंग अप देअर" जास्त कानावर पडतं. दोन्हीत माया आहे. "ही हॅज बिकम एज्ड" असं कोणीच म्हणत नाही.

तिसरी पायरी : ओल्ड, ओल्डर, एल्डरली, सिनिअर

"ओल्ड" हा वाईट शब्द नाही, हे आधी सांगते. गोष्ट सांगताना "अ‍ॅन ओल्ड मॅन वॉज सिटिंग बाय द टेम्पल" अगदी नैसर्गिक आहे. पण समोर बसलेल्या किंवा ओळखीच्या माणसाबद्दल "शी इज ओल्ड" म्हणणं टोचतं. आपल्या "म्हातारा" आणि "म्हातारे गृहस्थ" मध्ये जो फरक आहे ना, तसंच काहीसं. आणि "ओल्ड"ला दुसरा अर्थपण आहे. "माय ओल्ड टीचर" म्हणजे बहुतेक वेळा माझे पूर्वीचे शिक्षक, ते आज पंचेचाळीसचेही असतील. "ओल्ड फ्रेंड" म्हणजे जुना मित्र. तुम्हाला बाई खरंच वयस्कर आहेत हे सांगायचं असेल तर "माय टीचर फ्रॉम स्कूल, शीज नाऊ इन हर सेव्हंटीज" असं दोन तुकड्यांत सांगा.

"एल्डरली" हा आपल्याला सभ्य वाटतो आणि भारतात तो सभ्यच आहे. "अ‍ॅन एल्डरली कपल" बरोबर. पण "वन एल्डरली केम" चूक, कारण ते विशेषण आहे, मागे माणूस लागतो, आणि "एल्डरलीज" तर शब्दच नाही. शिवाय इंग्रजी पत्रकारितेत आता हा शब्द हळूहळू मागे पडतोय. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची जी भाषेची नियमावली आहे, जगभरची वर्तमानपत्रं वापरतात ती, तिच्यात "एल्डरली" आणि "सिनिअर सिटिझन" ऐवजी "ओल्डर पीपल", "ओल्डर अडल्ट्स" पसंत करा असं सांगितलंय. मला ते पटतं. "ओल्ड"ला नुसतं "अर" लावलं की धार जाते, आपण "मोठी माणसं" म्हणतो तितकं मऊ होतं ते. क्लासमधल्या सगळ्यांना मी सांगते, शंका आली की "ओल्डर" म्हणा, "अ‍ॅन ओल्डर लेडी", "ओल्डर पॅसेंजर्स", कुठेही अडणार नाही.

"सिनिअर सिटिझन" म्हणजे आपल्याकडे कायद्याने साठ पूर्ण, इन्कम टॅक्सला ऐंशीच्या पुढे सुपर सिनिअर सिटिझन वेगळे, आणि एसटीत पंच्याहत्तरीनंतर फुकट प्रवास. प्रत्येक देशाची रेघ वेगळी, अमेरिकेत सरकारी आरोग्य विमा पासष्टला सुरू होतो म्हणून तिथे पासष्ट हा आकडा लोकांच्या डोक्यात बसलाय. तिथे नुसतं "सिनिअर" म्हणतात, सिनिअर डिस्काउंट, सिनिअर सेंटर. ब्रिटनमध्ये "पेन्शनर" पण चालतं. फक्त एक लक्षात ठेवा की अमेरिकेत शाळा-कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलालाही सिनिअर म्हणतात आणि आपल्याकडे ऑफिसात वरच्याला, त्यामुळे "ही इज माय सिनिअर" म्हटलं तर वय कळत नाही.

"एल्डर" फक्त घरातल्या नात्यात, "माय एल्डर सिस्टर". तुलना करताना "एल्डर दॅन मी" नाही, "ओल्डर दॅन मी". ही चूक मराठी माणूस हमखास करतो, इंग्रजी माध्यमातून शिकलेलासुद्धा.

"एज्ड"चं तर उच्चारातच रहस्य आहे. आकड्याबरोबर आला की एक झटका, "एज्ड एटी-टू", बातमीत असतो तसा. माणसाआधी विशेषण म्हणून आला की दोन भाग, "एजिड", "माय एजिड पेरेंट्स". बोलताना दुसरा फारसा कोणी वापरत नाही, पुस्तकी झालाय. आणि "ओल्ड एज पीपल" हे तर इंग्रजीच नाही, ते आपण वृद्धाश्रमाच्या पाटीवरून उचललंय. वृद्धाश्रमालाही बाहेर "ओल्ड एज होम" म्हणत नाहीत, ब्रिटनमध्ये "केअर होम", अमेरिकेत मदत कितपत लागते त्यावर "असिस्टेड लिव्हिंग" नाहीतर "नर्सिंग होम". आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल, बाळंतपणाचं वगैरे, त्यामुळे "माझा जन्म नर्सिंग होममध्ये झाला" असं अमेरिकेत सांगितलं तर ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

चौथी पायरी : "थकलेत" कसं सांगायचं

वय सांगितलं म्हणजे माणूस सांगितला असं होत नाही. एक ब्याऐंशीची बाई रोज पर्वती चढते आणि दुसरीला पलंगावरून उठायला हात लागतो. मराठीत हा फरक आपण एका शब्दात करतो, थकल्या, खचल्या, वाकल्या, खणखणीत आहेत, हिंडत्याफिरत्या आहेत. यातला एकही शब्द सरळ उचलून इंग्रजीत जात नाही.

"थकल्यात" हा "टायर्ड" नाही. टायर्ड म्हणजे आज दमल्या, झोपल्या की बरं वाटेल. वयाने थकणं म्हणजे "शीज स्लोइंग डाउन" किंवा जरा जास्त असेल तर "शीज गॉटन फ्रेल", "शीज क्वाइट फ्रेल नाऊ". "फ्रेल" हा शब्द पाठ करा, डॉक्टरही तोच वापरतात, आणि त्यात हिणवणं अजिबात नाही. "वीक" म्हटलं तर डॉक्टर अशक्तपणा समजून रक्त तपासायला सांगतील.

हिंडत्याफिरत्या आहेत, "शी स्टिल गेट्स अराउंड ऑन हर ओन". सगळं स्वतःचं स्वतः करतात, "शी डझ एव्हरीथिंग फॉर हरसेल्फ". काठी घेऊन चालतात, अमेरिकेत "शी वॉक्स विथ अ केन", ब्रिटनमध्ये "विथ अ स्टिक". चार पायांच्या त्या स्टँडला अमेरिकेत "वॉकर", ब्रिटनमध्ये "फ्रेम". ऐकायला कमी येतं, "शीज हार्ड ऑफ हिअरिंग", किंवा साधं "प्लीज स्पीक अप, शी कान्ट हिअर व्हेरी वेल". विसरायला होतं, "शीज गेटिंग फर्गेटफुल", पण डॉक्टरांनी निदान केल्याशिवाय "डिमेन्शिया" म्हणू नका, तो आजार आहे, नुसता विसरभोळेपणा नाही. अंथरुणाला खिळलेत, "ही कान्ट गेट आउट ऑफ बेड".

पडण्याबद्दल इंग्रजीत एक बारीक गंमत आहे, मला ती फार बोलकी वाटते. लहान मूल पडलं की "ही फेल". म्हातारं माणूस पडलं की "शी हॅड अ फॉल". कारण त्या वयात पडणं ही नुसती क्रिया राहत नाही, घटना होते, तिची तारीख लक्षात राहते, नंतर सगळे विचारतात. "माय मदर हॅड अ फॉल लास्ट वीक" एवढं म्हटलं की नर्स लगेच गंभीर होऊन पुढचे प्रश्न विचारते, डोक्याला लागलं का, रक्त पातळ व्हायची गोळी घेतात का. ही उत्तरं तयार ठेवा.

पाचवी पायरी : एअरपोर्ट आणि दवाखाना, तयार वाक्यं

आता ती तीन वाक्यं. "माय मदर इज एटी-टू. शी कॅन वॉक अ फ्यू स्टेप्स, बट शी कान्ट मॅनेज स्टेअर्स ऑर लाँग डिस्टन्सेस. कॅन यू प्लीज अ‍ॅड व्हीलचेअर असिस्टन्स?" यात "ओल्ड" शब्द कुठे नाही आणि त्याची गरजही नाही. विमान कंपनीला वयाशी देणंघेणं नसतं, त्यांच्याकडे तीन खुणा असतात आणि त्यांना एवढंच ठरवायचं असतं की तुमचं माणूस कुठल्या खुणेत. डब्ल्यू-सी-एच-आर म्हणजे जिना चढता-उतरता येतो, फक्त लांब चालवत नाही. डब्ल्यू-सी-एच-एस म्हणजे जिना जमत नाही पण विमानात सीटपर्यंत स्वतः जातील. डब्ल्यू-सी-एच-सी म्हणजे चालताच येत नाही, सीटपर्यंत न्यावं लागेल. माझ्या आईला मधली. तुम्ही नुसतं "व्हेरी ओल्ड" म्हणालात आणि त्यांनी पहिली टाकली, तर शिडीच्या पायथ्याशी आई उभी आणि वर चढवणारं कोणी नाही, असं होऊ शकतं. म्हणून "शी कान्ट क्लाइम्ब स्टेअर्स" हे शब्द तोंडून गेलेच पाहिजेत.

दवाखान्यात क्रम असा ठेवा : वय, मुख्य जुने आजार, आज काय झालं, कधीपासून, आणि घरी एरवी कशा असतात. "शीज एटी-टू, शी हॅज डायबिटीज अँड हाय ब्लड प्रेशर, शी हॅड अ फॉल धिस मॉर्निंग, अँड नॉर्मली शी वॉक्स ऑन हर ओन." तो शेवटचा तुकडा कधीही गाळू नका. परक्या डॉक्टरला तुमची आई आज पहिल्यांदा दिसतेय, पलंगावर पडलेली, गोंधळलेली, आणि ब्याऐंशी आकडा ऐकून त्याला वाटू शकतं की या अशाच असतात. काल संध्याकाळी तिने अळूवडीचे उंडे वळले होते हे त्याला माहीत नाही, ते तुम्हीच सांगायचं. "यस्टरडे शी वॉज कुकिंग" हे चार शब्द खूप काम करतात. शुगर, बीपी असं नुसतं म्हणू नका, शुगर म्हणजे बाहेर साखर.

आणि आई शेजारी बसलेली असेल तर तिच्या डोक्यावरून बोलू नका. "मॉम, कॅन आय टेल हिम?" विचारा, किंवा मराठीत विचारा, मग बोला.

सहावी पायरी : कौतुक करताना

"खणखणीत आहेत हो अजून" याला इंग्रजीत छान शब्द आहेत. "स्टिल गोइंग स्ट्राँग" सगळीकडे. डोकं तल्लख आहे, "शार्प अ‍ॅज एव्हर". "हेल अँड हार्टी" आपण भारतात कोणालाही लावतो, पत्राच्या शेवटी तिशीतल्या भाच्यालाही, पण इंग्रजीत तो मुळात वयस्कर पण धडधाकट माणसासाठीच जास्त शोभतो. "यू आर हेल अँड हार्टी?" असा प्रश्न मात्र नका करू, "ही वॉज हेल अँड हार्टी अ‍ॅट नाइंटी" असं वर्णन करा.

"फॉर हर एज" जपून. "शी लुक्स गुड" हे कौतुक, "शी लुक्स गुड फॉर हर एज" म्हणजे कौतुक देऊन अर्धं परत घेतलं. "अ‍ॅट युवर एज" तर त्याहून वाईट, त्यात "या वयात शोभतं का" चा वास येतो. "एटी इयर्स यंग" असं केकवर लिहितात, कौतुकाने लिहितात, पण बऱ्याच वयस्कर लोकांना ते लहान मुलासारखं वागवल्यासारखं वाटतं. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली मी ऐंशी वर्षं जगले ती कमी कशाला करायची. मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं.

सहस्रचंद्रदर्शनाचं आमंत्रण परदेशातल्या मित्रांना सांगायचं असेल तर "एटी-फर्स्ट बर्थडे पार्टी" म्हणून ते सपाट करू नका. "शी हॅज सीन अ थाउजंड फुल मून्स इन हर लाइफ, अँड वी आर सेलिब्रेटिंग दॅट" असं सांगा, आकडा कोणी विचारला तर मग सांगा की एक्याऐंशीच्या आसपास हे होतं. हे वाक्य ऐकून बहिणीची अमेरिकन शेजारीण बोटांवर आपल्या आईचे चंद्र मोजायला लागली होती.

टाळायचे शब्द पटकन सांगते. "सिनाइल", म्हणजे म्हातारचळ लागलेला, कधीच नाही. "जेरिअ‍ॅट्रिक" फक्त डॉक्टर आणि वॉर्डच्या नावात. "ओव्हर द हिल", "नो स्प्रिंग चिकन", म्हणजे उमेदीचं वय सरलं, हे फक्त स्वतःबद्दल कोणी म्हणालं तर ऐकून घ्यायचे. "लाँग इन द टूथ" पण त्यातलाच, तो घोड्यांवरून आलाय, घोड्याचं वय वाढलं की हिरड्या मागे सरतात आणि दात लांब दिसतात, बाजारात दात बघून घोडा घेत. माणसाला कशाला लावायचा. "सिनिअर मोमेंट" म्हणजे वयामुळे विसरलो, हाही ज्याचा त्याने म्हणायचा.

सातवी पायरी : माणूस गेल्यावर

"एक्स्पायर्ड" नको. आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि म्हणणाऱ्याच्या मनात आदरच असतो, पण बाहेर एक्स्पायर होतं ते दूध आणि क्रेडिट कार्ड. "शी पास्ड अवे", किंवा सरळ "शी डाइड", दोन्ही चालतं. कैलासवासी आजोबा म्हणजे "माय लेट ग्रँडफादर".

दीर्घायुष्य सांगायला "लिव्ह्ड टु बी" ही रचना सुंदर आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ च्या एप्रिलमध्ये जन्मले आणि १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये गेले, "ही लिव्ह्ड टु बी अ हंड्रेड अँड फोर". शंभरी गाठलेल्या माणसाला "सेंटेनेरियन" म्हणतात. ऐंशीतल्यांना "ऑक्टोजेनेरियन", नव्वदीतल्यांना "नॉनाजेनेरियन", पण हे दोन बातमीतच शोभतात, बोलताना नको. "अ‍ॅट द एज ऑफ नाइंटी-वन इयर्स" मध्ये "इयर्स" जास्तीचं आहे, काढून टाका.

"म्हातारपणाने गेल्या" सांगायला लोक घाबरतात, वाटतं असं इंग्रजीत चालत नसेल. चालतं. राणी एलिझाबेथ दुसरी २०२२ मध्ये ९६ पूर्ण करून गेल्या, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून "ओल्ड एज" एवढेच दोन शब्द आहेत. तेव्हा "शी डाइड ऑफ ओल्ड एज" बिनधास्त म्हणा.

गेल्या महिन्यात क्लासमधल्या एका मुलीने ऑफिसला पाठवायचा मेल दाखवला, तिची मॅनेजर आयर्लंडमध्ये बसते. तिने लिहिलं होतं, माय ग्रँडमदर एक्स्पायर्ड यस्टरडे अ‍ॅट द एज ऑफ नाइंटी-वन इयर्स ड्यू टु ओल्ड एज, काइंडली ग्रँट लीव्ह. चूक अशी फार नव्हती, पण त्यात आजी कुठेच नव्हती. मी विचारलं आजी कशी होती. म्हणाली पहाटे पाचला उठून सगळ्यांचा चहा तीच करायची, कोणाला करू द्यायची नाही, परवापर्यंत. मग आम्ही मेल असा केला : "माय ग्रँडमदर पास्ड अवे लास्ट नाइट. शी वॉज नाइंटी-वन, अँड शी मेड टी फॉर द होल हाउस अनटिल द डे बिफोर. आय विल बी अवे टिल मंडे." मुलीने तो दोनदा वाचला आणि पाठवला.